कुलरच्या चपला

आता सांगते ते अक्षरन् अक्षर खरं आहे. माझ्या गळ्याची शपथ घेतली असती, पण तो आता जुना झाला, त्याला कोणी विचारत नाही. म्हणून अकोल्याच्या मे महिन्याची शपथ घेते. सेहेचाळीस डिग्रीत खोटं बोलायला तोंडात थुंकी तरी लागते, ती आणायची कुठून?

"चपला! आधी चपला घाला!" मी स्वयंपाकघरातून ओरडले.

बैठकीत आमचे हे पाण्याची बादली घेऊन कुलरपाशी उभे होते. त्यांनी पायाच्या अंगठ्याने कुलरखालच्या चपला ओढल्या, घातल्या आणि मग पाणी ओतलं.

त्या चपला म्हणजे निळ्या पट्ट्याच्या रबरी स्लिपर. कुलरच्या स्टँडला सुतळीने बांधून ठेवलेल्या, कोणी घालून जाऊ नये म्हणून. आमच्या घरी देवापुढे जाताना चपला काढायच्या आणि कुलरपुढे जाताना घालायच्या, असा नेम होता. कारण आमचा कूलर चावायचा. अनवाणी हात लावला की कोपरापर्यंत झिणझिण. शेजारच्या तिवारीणबाईंच्या मांजरीने एकदा त्याला शेपटी घासली, तर तिच्या अंगावरचे आडवे पट्टे उभे झाले. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेत.

आणि यात आम्हाला लाज वाटायचं कारण नव्हतं. तेव्हा न चावणारा कूलर होता कोणाकडे? बाया भाजी निवडता निवडता विचारायच्या, "तुमचा किती मारते वो?" जसं काही गाय किती दूध देते ते विचारून राहिल्या.

आमचे हे, भास्करराव, पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क होते. विजेचं त्यांचं शिक्षण म्हणजे शर्टाच्या खिशाला लावलेला टेस्टर. लग्नात गेले तरी टेस्टर सोबत. नवरदेवाच्या पगडीला लावून बघायचे की काय, अशी मला भीती वाटायची. कॉलनीत कोणाचा पंखा बंद पडला की हे हजर. टेस्टर लावायचे, मान हलवायचे आणि म्हणायचे, "लाइन आहे." एवढं निदान करून चहा पिऊन परत. पंखा तसाच. पण लोक मानायचे त्यांना, आणि त्यांनाही ते मानणं फार आवडायचं.

बाकी घरकामात शून्य. पुढे तेवढं एक काम करायला लागले, दुधाची पिशवी कापायची. रोज सकाळी स्वतःच. मी कात्रीला हात लावला तरी अंगावर यायचे. एकेका माणसाच्या खोडी असतात, दुसरं काय.

तर त्या वर्षी ऐन उन्हाळ्यात अधिक महिना आला. धोंड्याचा महिना. आमची वैजू नुकतीच पुण्याला दिली होती, जावयाचा पहिला धोंडा. त्यांना बोलवायचं, नारायण म्हणून पाय धुवायचे, पुरणाचे धोंडे, आमरस, तेहतीस अनारशांचं ताट, त्यावर निरांजन. सगळं ठरलं. आणि एका दुपारी अनारशाचं पीठ उन्हात घालता घालता माझ्या डोक्यात आलं की पुण्याच्या माणसाला कूलर माहीत नाही. त्याला चपलांचं कोण सांगणार?

मी यांना म्हटलं, "अहो, जावयांना झटका बसला तर?"

"आपल्याला बसते न रोज. काय झालं? उलट रक्त फिरते."

"त्यांचं रक्त पुण्याचं आहे. त्याला सवय नाही."

"मी आहे न," म्हणाले, आणि खिशातला टेस्टर चाचपला.

ते आहेत म्हणूनच मला काळजी होती. वैजूच्या कपाळाचं कुंकू अजून धड वाळलं नव्हतं. मी पदर खोचला आणि उज्ज्वलाकडे गेले.

उज्ज्वला तायडे म्हणजे चौकातल्या वाइंडिंगच्या दुकानाची मालकीण. आयटीआय झालेली, पंचविशीची. दुकानात कुलरच्या मोटारी अशा रचलेल्या, जशा लग्नघरी घागरी. आमचे हे तिच्या दुकानावरून जाताना मान वळवायचे. पोरीच्या जातीने वायरी जोडायच्या म्हणजे त्यांच्या टेस्टरचा अपमान होता.

माझं ऐकून तिने पांढऱ्या रंगाची एक डबी काढून ठेवली. तळहाताएवढी, वर खटका, बाजूला एक बटण.

"काकू, हे बसवा. ईएलसीबी म्हणतात याला."

"आमच्याकडे फ्यूज आहे न बाई."

"फ्यूज तुमची वायर वाचवते. हे माणूस वाचवते." मग तिने बोटांनी दाखवलं. "असं बघा. एका वायरीतून करंट घरात येते, काम करते, दुसऱ्या वायरीतून परत जाते. जेवढा गेला तेवढा परत आला पाहिजे. जरासा जरी कमी आला, तर समजायचं की मधातच कुठे जमिनीत चालला. पत्र्यातून, नाहीतर कोणाच्या अंगातून. ही डबी जाणारा न येणारा दोन्ही मोजत बसते. फरक दिसला की टक्! लाइन बंद. डोळ्याचं पातं लवायच्या आत."

मी हसायलाच लागले.

"काऊन हसून राहिल्या काकू?"

"अवं, ही तर माझी सासू! मी दळण घेऊन निघाले की जाताना ज्वारी मोजायची आणि आले की पीठ मोजायची. मूठभर कमी दिसलं की दार बंद."

"हो, तशीच. पण ही जीव वाचवते."

"मग तेवढा फरक आहे खरा," मी म्हटलं.

हे पुतण्याच्या साखरपुड्याला परतवाड्याला गेले होते दोन दिवस. तेवढ्यात उज्ज्वलाने काम उरकलं. मीटरच्या बाजूला डबी बसवली. मागे नळाच्या मोरीपाशी अर्थिंगसाठी खड्डा खणला, त्यात तांब्याची पट्टी, कोळसा आणि मीठ.

"मीठ कशाला? जमिनीची दृष्ट काढून राहिली का?"

"ओल धरते. आणि उन्हाळाभर रोज बादलीभर पाणी टाका खड्ड्यात, सुकू देऊ नका."

त्या खड्ड्यातून एक हिरवी वायर आली ती थेट कुलरच्या पत्र्याला. उज्ज्वला म्हणाली, "ही हिरवी वायर लई महत्त्वाची. पत्र्यात करंट उतरला की हिच्यातून जमिनीत जाईन आणि डबीचा खटका लगेच पडन. कोणी हात लावायची वाट पाहायची गरज नाही."

मग कूलर लावला. दहा मिनिटं गार वारा आला. पंप भिजला आणि टक्! सगळं घर बंद.

"पाह्यलं?" उज्ज्वलाने घाम पुसला. "पंप न मोटार दोन्ही खराब आहेत. कूलर माझ्याकडे आणून टाका, आठ दिवसांत नवा करून देते."

आठ दिवस, मे महिन्यात, कुलरशिवाय! आणि हे आल्यावर त्यांना सांगायचं कोणी? मी म्हटलं, धोंडा होऊ दे, मग नेते.

हे परतवाड्याहून आले, डबी पाहिली आणि त्यांचा चेहरा असा झाला, जसं मी त्यांच्या माघारी दुसरं लग्न लावलं. कूलर लावला. टक्. खटका वर केला. दहा मिनिटांनी टक्. टेस्टर लावला, मान हलवली.

"डबी खराब आहे."

"डबी चांगली आहे. कूलर खराब आहे."

"कूलर अकरा वर्षांपासून चालून राहिला! ही आली परवा. अन् खराब कोण? कूलर?"

हाच न्याय त्यांनी घरात लावला असता तर मीच कायम चांगली ठरले असते. पण ते जाऊ द्या.

आठ दिवस असेच गेले. कूलर लावायचा, टक्, खटका वर, टक्. हपीसातून आले की हे ओला पंचा डोक्यावर घेऊन बसायचे आणि माझीच उपमा उचलून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "आमच्या घरी हिच्या सासूबाई परत आल्या आहेत. भिंतीवर राहतात." नवव्या दिवशी सकाळी मात्र त्यांनी जाहीर केलं.

"हे पाहा. जावयाच्या जेवणाच्या आत ही डबी आणखी एकदा पडली, तर उखडून नाल्यात फेकीन. पाहुणा घामाने निथळत पुरण खाईन का? माझी काही इज्जत आहे का नाही?"

"आणि पाहुण्याला काही झालं तर?"

"काय होते? झटका तर आहे."

आणि दुसऱ्या दिवसापासून डबी पडायची बंद झाली!

कशी, ते ऐका. यांनी पक्कड घेतली, कुलरच्या मागे गेले आणि ती हिरवी वायर कचकन कापली. संपलं. पत्र्यातला करंट जमिनीत जायची वाटच बंद, मग डबीला फरक दिसणार कुठून? सासूबाई गप्प. कूलर दिवसभर घोंघावायला लागला. वारा गार, घर गार. चार दिवस असे गेले. आणि यांचा चेहरा असा निरागस, जसं यांना काही माहीतच नाही. उलट मलाच म्हणाले, "सुधारली वाटते तुझी डबी."

मी म्हटलं, "सांगत नव्हते का?"

चावायला मात्र कूलर पुन्हा लागला होता. आम्ही आपले गुपचूप चपला घालून पाणी भरायला लागलो. सवयच होती.

धोंड्याचा दिवस उजाडला. पुण्याहून वैजू आणि जावई, शिरीषराव, सकाळच्या गाडीने आले. जावई इतके सभ्य, की दाराशी मोलकरणीला पण नमस्कार करून मोकळे झाले. मी आदल्या दिवशी घर लखलखीत करून ठेवलं होतं. कुलरच्या त्या फाटक्या चपला सुतळीसकट काढून माळ्यावर टाकल्या. पाहुण्यासमोर तसलं दारिद्र्य कशाला? हे हार घेऊन आले, दोरा लांब होता म्हणून ओट्यावरची कात्री घेतली आणि म्हणाले, "या कात्रीत हिरवं काय अडकलं?"

"कोथिंबीर," मी म्हटलं. "स्वयंपाकघरात दुसरं काय असणार? तुमच्या हपीसातली फाइल?"

पाट कुठे मांडायचा? कुलरसमोर. घरातली सगळ्यात मानाची जागा तीच. शिरीषराव पाटावर बसले. समोर परात ठेवली, यांनी तांब्याने त्यांच्या पायांवर पाणी घातलं, मी पाय धुतले. जावई लाजून चूर. "अहो बाबा, नको, खरंच नको," चाललं होतं. पाणी परातीबाहेर सांडून फरशीवर पसरलं. मी पाय पुसायला पंचा घेणार तेवढ्यात वैजू ताट घेऊन आली. चांदीच्या ताटात तेहतीस अनारसे, मधोमध निरांजन. आणि कुलरचा झोत थेट निरांजनावर. ज्योत आडवी झाली, निळी पडली.

"अगं बाई, दिवा!" मी ओरडले. "दिवा विझतोय!"

धोंड्याचा दिवा विझणं म्हणजे... ते काही बोलायचं नसतं. शिरीषराव सभ्य माणूस, सासू घाबरली म्हटल्यावर बसून कसे राहतील? "थांबा आई, मी याचं तोंड वळवतो," म्हणाले. ओल्या पायांनी ओल्या फरशीवर उभे राहिले आणि दोन्ही हातांनी कूलर धरला.

मला एवढंच आठवतं की माझ्या तोंडातून "चपला" निघालं आणि पुढचं निघालं नाही.

टक्!

घरभर शांतता. कूलर बंद, पंखा बंद, फ्रिजची घरघर बंद. जावई तीन फूट उंच उडाले, मी मोजले, आणि धपकन फरशीवर बसले. त्यांच्या कोपराचा धक्का लागून ताट उडालं. तेहतीसचे तेहतीस अनारसे हवेत. एक यांच्या खिशात पडला, टेस्टरच्या शेजारी. दिवा मात्र गेला.

वैजू पांढरीफटक. ती नवऱ्याजवळ बसली आणि त्याचा हात दोन्ही हातांत धरून नुसती "अहो, अहो" करत राहिली. मी तांब्या घेऊन पळाले, आणि पाणी द्यायचं की नाही तेच कळेना.

शिरीषरावांनी डोळे उघडले. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "काही नाही, काही नाही. आई, तुमच्याकडे कूलर... असाच असतो का?"

मी भिंतीला टेकून खाली बसले आणि रडायला लागले. पोरगं जिवंत होतं आणि वर चौकशी करत होतं.

निरोप मिळाल्यावर उज्ज्वला सायकल दामटत आली. तिने आधी जावयांचे हात पाहिले, छातीत धडधडते का विचारलं, "डॉक्टरकडे नेऊन आणा, उशीर करू नका," म्हणाली. शेजारचे तिवारी रिक्षा आणायला धावले. मग तिने बाकी सगळ्या वायरी काढून फक्त कुलरला लाइन दिली आणि पत्र्याला टेस्टर लावला. टेस्टर असा पेटला, जसा दिवाळीचा आकाशकंदील.

"ओले पाय, ओली फरशी, दोन्ही हात लोखंडाला," ती म्हणाली. "डबी नसती न काकू, तर..."

तिने कुलरची लाइन काढली.

मग ती कुलरच्या मागे वाकली आणि तशीच थांबली. हिरव्या वायरीचं टोक हातात धरून उभी राहिली. टोक चावल्यासारखं झालं होतं, तारा बाहेर.

"ही कोणी कापली?"

वैजू बापाकडे बघायला लागली. जावई सासऱ्याकडे बघायला लागले. तिवारीणबाई दारातून बघायला लागल्या. मीही यांच्याकडेच बघितलं. खिशात टेस्टर कोणाच्या होता?

"ही धड कापलेली पण नाही," उज्ज्वला म्हणाली. "नुसती कुरतडलेली आहे. हे काही पक्कड धरणाऱ्याचं काम नाही."

यांनी माझ्याकडे पाहिलं. मग खाली मान घातली.

"मी," म्हणाले. "चष्मा नव्हता डोळ्यावर."

कबूल करण्यात तरी माणूस प्रामाणिक होता, एवढं म्हणायला पाहिजे.

"बाबा!" वैजू एवढंच म्हणाली. पण ते ज्या आवाजात म्हणाली, तो आवाज तिने पुढे सहा महिने बदलला नाही. कॉलनीत संध्याकाळपर्यंत झालं, भास्कररावांनी जावईच कुलरला चिकटवला असता. पुण्याच्या व्याह्यांकडे यांचं नाव पडलं 'आमचे विजेचे व्याही'. दर दिवाळीला कोणी ना कोणी हसून म्हणायचं, "या या, पण स्विचला हात लावू नका हं." हे पण हसायचे. त्या दिवसानंतर यांनी खिशाला टेस्टर लावला नाही. कोणाचा पंखा बंद पडला की म्हणायचे, "उज्ज्वलाला बोलवा. तिला समजते."

कूलर नवा होऊन आला. हिरवी वायर परत जोडली. आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला हे स्वतः स्टुलावर चढून डबीचं बटण दाबायचे. टक् झालं की म्हणायचे, "सासूबाई जाग्या आहेत." शिरीषराव आता आजोबा व्हायला आले. दर वर्षी फोन करून विचारतात, "आई, अनारसे किती उंच उडाले होते हो?" मी दर वर्षी एक फूट वाढवते.

तर हे सगळं खरं आहे. मांजरीचे पट्टेसुद्धा. फक्त एक गोष्ट मी बनवून सांगितली. इतकी वर्षं अशीच सांगत आले, म्हणून आजही तशीच निघाली.

पक्कड नव्हती. दुधाच्या पिशवीची कात्री होती. आणि वायर यांनी कापली नाही.

डबी आणखी एकदा पडली तर नाल्यात फेकतो, असं ते म्हणाले होते. माझी डबी पडू नये आणि माझंच खरं व्हावं, एवढंच मला दिसत होतं. नवव्या दिवशी हे हपीसात गेल्यावर मी चपला घातल्या, मेन स्विच बंद केला आणि कुलरच्या मागे जाऊन बसले. ती तार कात्रीला दाद देत नव्हती. मी कुरतडून कुरतडून कापली. कोथिंबिरीचं तर तुम्हाला सांगितलंच आहे.

उज्ज्वलाने विचारलं तेव्हा मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कात्रीतलं ते हिरवं त्यांना तेव्हा समजलं असावं, आणि माझ्या आधी ते बोलून गेले. मग मी तोंड मिटलं. त्यांनी नंतर एका शब्दाने विचारलं नाही. मी एका शब्दाने सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी फक्त त्यांनी ओट्यावरची कात्री उचलली, दुधाची पिशवी कापली, आणि कात्री पुसून आपल्या पान्या-पकडीच्या डब्यात ठेवून दिली.

आता त्यांना जाऊन चार वर्षं झाली. कात्री त्याच डब्यात आहे, टेस्टरच्या बाजूला. पिशवी मी कवळीने फाडते. अर्धं दूध ओट्यावर सांडते. सांडू दे.